निरोगी गट

यादीत तिला नाव नाही. एन-सत्तावीस.
वय चौदा आठवडे, वजन पाच किलो नऊशे,
आजार: काही नाही.
घरी तिला चिमी म्हणतात.

गोळीबार चौकामागच्या गल्लीत, हेडाऊंच्या दोन खोल्या.
आत्या साडीला फॉल लावते आहे, सुई दातात.
"काहीच झालं नाही पोरीले, तं तपासता कायले?"
मी पाठ केलेलं सांगते:
आजारी लेकरांचं समजायला
आधी बऱ्या लेकरांचं माहीत लागतं.
ताणाचं एक रसायन असतं, थुंकीत उतरतं,
मोठ्यांत सकाळी चढतं, रात्री ओसरतं.
एवढ्याशा जिवांची सकाळ-संध्याकाळ अजून ठरायची असते.

"ताण?" आत्या सुई काढते.
"हिले का लाइटबिल भरा लागते?"
आम्ही दोघी हसतो.
चिमीची आई हसत नाही,
ती कूलरमध्ये तिसरी बादली ओतते आहे.

कापसाची कांडी गालाच्या आत, नव्वद सेकंद.
चिमी ती चोखते, मन लावून,
तिला वाटतं, काहीतरी येईल.
येत नाही.
मग ती माझ्याकडे बघते.
ह्या बघण्याला फॉर्मवर रकाना नाही.

बाहेर शेहेचाळीस, डब्यात चार.
थर्माकोलचा डबा दोन पायांमध्ये धरून
मी पाचपावलीचा पूल उतरते, ब्रेक हळू दाबत,
आत कोणी झोपलं असल्यासारखी.
अकरा लेकरांची थेंब थेंब थुंकी,
आणि ती जाऊन राहणार उणे ऐंशीत,
जिथे ह्या शहराचा मे महिना
कधीच पोचणार नाही.

लसीच्या दिवशी आकडा चढतो, मग उतरतो.
एकाचा फार लवकर उतरला होता.
मी फॉर्मच्या मागे लिहिलं:
बाप सुटी टाकून आला होता,
बाळाच्या कानाशी तोंडाने
कुकरची शिट्टी वाजवत होता.
शहारे मॅडमनी ते खोडलं.
पेन्सिलीनं लिहिलं होतं, खोडता आलं.

आज संध्याकाळचा नमुना, सात वाजता.
नियम असा: आधी अर्धा तास दूध नाही.
चिमी उठली सातला बारा कमी असताना, भुकेली,
आणि त्याच वेळी लाइट गेली.
कूलर थांबला की घर केवढं मोठं ऐकू येतं.
आत्या साडीच्या खोक्याच्या झाकणानं वारा घालत होती.
आईच्या ब्लाउजवर दोन ओले डाग पसरत गेले.
ती पोरीकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही,
माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

"नियम आहे," मी म्हणाले.
पाच मिनिटं.
रडणं आधी रागाचं होतं, मग मागण्याचं,
मग त्यात एक बारीक काहीतरी शिरलं
ज्याला कोणाचंच नाव नव्हतं.
सहा मिनिटं.
कांडी माझ्या हातात तयार.
आणि मला कळलं की आता जो आकडा निघेल
तो हिचा नसेल.
तो मी आणलेला असेल, डब्यासोबत, स्कूटरवरून.

"पाज," मी म्हणाले.
"मंग तुमचं?" आई म्हणाली, पण पदर केव्हाच वर गेला होता.
अंधारात गिळण्याचा आवाज.
आत्यानं झाकण थोडं माझ्याकडे वळवलं,
दोन झोत मलाही.

एन-सत्तावीस, सायंकाळ: नमुना नाही.
कारण लिहायचा रकाना बोटभर रुंद.
मी "दूध" लिहिलं. मावलं.

कडबी चौकात सिग्नल नव्वदपासून उलटा मोजत होता.
खिशात न वापरलेली कांडी,
पाकीट फुटलेली, आता बादच.
गालाच्या आत धरली.
कापसाला कसलीच चव नाही.
बासष्ट. एकसष्ट.
तरी चोखत राहिले,
डोळे मिटले असावेत,
कारण मागून ऑटोवाला ओरडला,
"काऊन थांबल्या वो बाई, हिरवा झाला ना!"